दारुड्यांच्या भरवशावर छप्पर

"छपराची काळजी सोडा साहेब," लेखापाल मुख्याधिकाऱ्यांना म्हणाला. "हे गाव जोवर पितंय, तोवर नगरपालिकेला मरण नाही."

हिशेब साधा होता. दारू पिऊन गाडी चालवणारा दोषी ठरला, की दंडावर न्यायालयीन शुल्क बसायचं आणि त्यातला निम्मा वाटा नगरपालिकेला मिळायचा. गेल्या वर्षी असे दोनशे महाभाग सापडले होते. लेखापालाने यंदाच्या अंदाजपत्रकात अडीचशे धरले. माणसाचा माणसावर विश्वास हवा! त्या विश्वासावर लेखा विभागाचे गळके पत्रे उतरवूनही झाले.

फक्त एक नियम आडवा आला. शुल्काचे दर चौकाचौकांत लावायला हवेत. लेखापाल कामाचा पक्का. त्याने दंड, शुल्क, वकील, गाडी सोडवण्याचा खर्च, सगळं जोडून ठळक बेरीज लिहिली, खाली स्वतःची सही ठोकली आणि पाट्या लावल्या.

ती बेरीज वाचूनच गावाची झिंग उतरली. लोक बारमधून चालत घरी जाऊ लागले. तीन महिन्यांत एकही दोषी नाही. लेखापाल उघड्या आभाळाखाली कागदांवर दगड ठेवून काम करत होता.

"गाव सुधारलंत तुम्ही," मुख्याधिकारी म्हणाले. "पण पैसे आले नाहीत, तर छप्पर तुमच्या पगारातून."

एका संध्याकाळी लेखापाल थेट बारच्या दारात जाऊन उभा राहिला.

"आज कोणीच गाडी आणली नाही?"

"तुमच्या पाटीनंतर कोण आणतंय?" मालक वैतागला. "आणि दारातून बाजूला व्हा साहेब. तुम्हाला बघून चालत येणारेही परत फिरतायत."

अखेर एकदाचा कोर्टातल्या कारकुनाचा फोन आला. "तुमच्या अडीचशेतला पहिला मिळाला. पण खिशात दमडी नाही. म्हणतोय, दाजी भरतील."

"कोण दाजी?" विचारता विचारताच लेखापालाने चपला पायात सरकवल्या.

कोर्टात बायकोचा धाकटा भाऊ बाकावर पाय हलवत बसला होता. शेजारी बायको, नवऱ्याच्या पाकिटाची वाट बघत.

"गाढवा, अख्खं गाव सुधारलं. तू पाटी वाचली नाहीस?"

"दोनदा वाचली दाजी. खाली तुमची सही दिसली. म्हटलं, घरचाच कारभार आहे."

लेखापालाने पैसे मोजले. कारकुनाने पावती फाडली आणि आपुलकीने विचारलं, "अजून मेहुणे आहेत का?"