उंबराचं फूल आणि माहेरचं घंगाळ

जावयाला काही बोलू नये, अशी रीत आहे. ज्यानं ही रीत घातली त्याला बाळाजीसारखा जावई नसणार, हे गोजराबाईंचं ठाम मत होतं.

नाशकातल्या तांबट आळीत गोजराबाईंच्या जिभेला हातोडेसुद्धा वचकून असत. शाळेत त्या मुळाक्षरांपुरत्याच गेल्या, पण म्हणी त्यांच्या तोंडी रांजणातल्या पाण्यासारख्या. कधीही बुडवा, तांब्या भरून निघे. आणि बाळाजी सिन्नरच्या शाळेत शास्त्र शिकवणारा मास्तर. मे महिन्याच्या सुट्टीत सुधाला घेऊन सासुरवाडीला आला, तो खिशात भिंग घेऊनच. जावयानं ऐकावं, मान डोलवावी आणि पाटावर बसावं. हा गृहस्थ तपासायला निघे.

सोमवारी गोजराबाई म्हणाल्या, "आमच्या ह्यांना ऐकू येईल तेव्हा गाढवाला शिंगं फुटतील." सासरे देवराम चाळीस वर्षं तांबं ठोकून ठार बहिरे झालेले. यात न कळण्यासारखं काय आहे? पण संध्याकाळी बाळाजी गोदेकाठी जाऊन परटाच्या गाढवांची कपाळं चाचपून आला. चौथ्या गाढवाला ते आवडलं नाही.

"शिंगं नाहीत, सासूबाई," तो लंगडत सांगू लागला. "पण कानांच्या मधे हाड जरा वर आहे खरं."

गोजराबाईंनी पदर तोंडात धरला.

गुरुवारी त्या मोलकरणीवर करवादल्या, "हिच्याकडून काम करून घेणं म्हणजे वाळूतून तेल काढणं." शुक्रवारी सकाळी फकिरा तेली दारात उभा.

"काकू, तुमचे जावई माझ्या घाण्यात ओंजळभर वाळू टाकून गेले. म्हणाले, बघू तर खरं."

"मग? निघालं तेल?"

"माझं निघालं. रात्रभर घाणा धूत होतो."

शनिवारी शेजारच्या घरी मांडव उभा राहिला. बाळाजीनं जेवता जेवता विचारलं, "उद्या तिकडे हळद आहे ना? तुम्ही किती वाजता जाणार?"

वाढता वाढता सुधाच्या हातातली पळी वरच थांबली. गोजराबाई शांतपणे म्हणाल्या, "उंबराला फूल येईल तेव्हा."

शेजारचं घर धाकट्या जावेचं, वत्सलाबाईंचं. बारा वर्षांपूर्वी त्यांनी गोजराबाईंचं माहेरचं तांब्याचं घंगाळ मागून नेलं आणि परत आलं ते पोचा पडून. वत्सलाबाई म्हणाल्या, पोचा आधीचाच. गोजराबाईंनी घंगाळ त्यांच्याच अंगणात आदळलं आणि भर आळीत सांगितलं, "उंबराला फूल येईल, त्या दिवशी तुझ्या घरचं पाणी पिईन." दोघींचे नवरे त्यानंतरही एकाच कारखान्यात मांडीला मांडी लावून ठोकत राहिले. आळीत साठ हातोडे, पण त्या पोच्यावर एकही पडला नाही.

सगळं ठीक होतं, पण उद्या हळद इंदिराची होती. वत्सलाबाईंची इंदिरा. भांडणानंतरही ही पोर मागच्या दारानं येऊन गोजराबाईंच्या चुलीशी बसायची, गरम भाकरीचा पापुद्रा मागायची. घरातल्या थोरल्या सवाष्णीनं पहिली हळद लावायची, हा कुळाचार. काल इंदिरा स्वतः येऊन विचारून गेली होती, "थोरली आई, येशील ना गं?" गोजराबाई म्हणाल्या, "बघू." तेव्हापासून त्यांच्या घशाखाली घास उतरत नव्हता. बोललेला शब्द गिळताही येईना.

रविवारी सकाळी बाळाजी धोतराच्या सोग्यात पिकली उंबरं घेऊन आला आणि ओट्यावर एक फोडून म्हणाला, "सासूबाई, जरा बघा."

"उंबर फोडून केंबरं उडवायची हौस का आता?" असं म्हणून त्या वाकल्या, तर त्यातली चिलटांएवढी दोन केंबरं उडून थेट नाकात गेली. तीन शिंका आल्या. चौथी आवरत त्यांनी भिंगाला डोळा लावला आणि तशाच राहिल्या.

आत फुलं होती. राईहून बारीक, एकाला एक चिकटून, शेकड्यांनी.

"ही फुलं?"

"फुलंच. उंबर फुलतो, पण आतल्या आत. आपण बाहेर शोधत बसतो."

"आणि ही केंबरं?"

"त्यांच्यामुळेच फळ धरतं."

"अगंबाई. दुसरं फोडा बघू. ते लालसर."

दुसरं झालं, तिसरं झालं. इतकी वर्षं उंबराला फेऱ्या घातल्या आणि हे कुणी सांगितलं नाही? गोजराबाई ओट्यावर मांडी घालून बसल्या. त्या गप्प बसून काहीतरी बघताहेत, एवढ्यावरच निम्मी आळी जमली. फकिराही भिंगातून बघून गेला आणि जाता जाता मोठ्यानं म्हणाला, "म्हणजे काकू, उंबराला फूल आलं की."

आळीतले हातोडे थांबले. गोजराबाईंच्या हातातलं उंबर खाली पडलं.

मांडवातून वत्सलाबाई आणि इंदिरा निघाल्या. दोघींनी दोन कड्यांना धरून घंगाळ आणलं, काठोकाठ भरलेलं. ओट्यापाशी ठेवलं. वत्सलाबाईंनी पेला बुडवून पुढे केला.

"अक्का, पाणी."

"नहाणीचं?"

"विहिरीचं. आत्ताच काढलंय."

गोजराबाईंनी घंगाळ निरखलं. "पोचा एकच होता. हा दुसरा कुठला?"

"तो तुम्ही आदळलंत तेव्हाचा."

आळीत कुणीतरी फिसकन हसलं. गोजराबाईंनी त्या दिशेला नुसतं बघितलं. मग पेला घेतला आणि एका दमात रिकामा केला.

"मचूळ आहे," त्या म्हणाल्या. "अजून दे. आणि हळद कुठाय? मुहूर्त काय तुमच्यासाठी थांबणार आहे?"

दुपारी त्या पिवळ्या हातांनी परतल्या. इंदिरानं गळ्यात पडून लुगड्याचा खांदाही पिवळा केला होता. आत देवराम त्या घंगाळाचे पोचे काढत बसले होते. बाळाजी अजून ओट्यावरच.

"सासूबाई, एका उंबरात तीनशेवर फुलं मोजली. अजून संपली नाहीत."

गोजराबाई उंबऱ्यात थांबल्या. जावयाला काही बोलू नये, हे त्यांना आठवलं, आणि मग त्या बोलल्याच.

"जावईबापू, तुमच्याइतका रिकामटेकडा माणूस मी उभ्या जन्मात पाहिला नाही. बारा वर्षं कुठं उलथला होतात?"