मिस्त्रींच्या खिशातली लाल बाटली

हिलाल मिस्त्रींच्या खाकी शर्टाच्या खिशात पेन नसायचं, लाल नेलपॉलिशची बाटली असायची. पन्नाशीचा माणूस, कोपरापर्यंत ग्रीस, मिशा अशा की लहान पोरं रस्ता बदलतील, आणि खिशात नेलपॉलिश! सुरतेच्या लिंबायत भागातले रिक्षावाले जाता-येता विचारायचे, "मिस्त्री, आज कोणत्या बोटाला?"

ती बाटली होती टायमिंग बेल्टसाठी. म्हणजे इंजिनाचं वरचं आणि खालचं चाक एका तालात फिरवणारा दातेरी रबरी पट्टा. जुना पट्टा उतरवण्याआधी मिस्त्री दोन्ही चाकांच्या खुणांवर बारीक लाल ठिपका द्यायचे. नवा चढवला की ते ठिपके जागेवर आलेत का बघायचे. एक दाता जरी इकडचा तिकडे झाला तरी इंजिनाचा ताल गेला. म्हणून पट्टा खाली असेपर्यंत गॅरेजमध्ये चहा बंद. त्यांनाही आणि गिऱ्हाइकालाही. "चहा उना का गप्पा उन्यात, गप्पा उन्यात का दाता चुकना," हे खानदेशातून आलेल्या मिस्त्रींचं अहिराणीतलं शास्त्र; उना म्हणजे आला.

दुसरं वैर 'चालशे', म्हणजे 'चालेल', या गुजराती शब्दाशी. सुरतेत चालशे म्हटलं की सगळं चालतं. मिस्त्रींसमोर म्हटलं की उत्तर ठरलेलं, "घाई शे? मंग पायी जाय."

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी शाळामास्तर, नुकतीच एक जुनी गाडी घेतली होती आणि धाकट्या बहिणीच्या हळदीला संध्याकाळपर्यंत धुळ्याला पोचायचं होतं. मी तिचा एकुलता एक भाऊ, आणि तिची हळदीची साडी माझ्या डिकीत. सकाळी सातला फक्त हॉर्न नीट करायला मिस्त्रींकडे गेलो. तिथेच माझं चुकलं.

"मास्तर, कोनता रस्ताघाई जाशी?"

"नवापूर, विसरवाडी, धुळे."

विसरवाडी ऐकलं मात्र, मिस्त्रींनी बॉनेट उघडलं, पट्ट्याचं झाकण काढलं आणि पट्टा दोन बोटांत धरून जरासा पिळला. दातांच्या मुळाशी बारीक चिरा दिसल्या. "हाई देख. घाटमा तुटना का गाडी जागवर उभी." आणि किल्ली खिशात, बाटलीशेजारी.

अहो, मी विनवलं, चिडलो, बहिणीची शपथसुद्धा घातली. काही उपयोग नाही. नवा पट्टा चढला तेव्हा नऊ वाजून गेले होते. मिस्त्रींनी पान्याने इंजिन हातानेच दोन पूर्ण फेरे फिरवलं आणि ठिपक्यांकडे डोळे बारीक करून बघत बसले. खालचा ठिपका केसभर सरकला होता. काढला पट्टा परत!

"मिस्त्री, चालशे हो!" मी ओरडलोच.

"घाई शे? मंग पायी जाय."

चहाविना स्टुलावर बसून मी मनातल्या मनात त्यांना काय काय म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. अकराला किल्ली हातात आली. सोबत वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक पुडी. "विसरवाडीले फाट्यावर किराणा दुकान शे. मनी पोर सुनंदा तठे ऱ्हास. तिले दे."

मिस्त्रींच्या लेकीने, सुनंदाने, दुकानात पुडी सोडली आणि खळखळून हसली. आत नेलपॉलिशची नवी बाटली. मागच्या फळीवर तशाच अकरा-बारा ओळीने उभ्या.

"लग्नात माझी बाटली माहेरी राहिली," ती म्हणाली. "बाबांनी ती कामाला घेतली. आता इकडे येणाऱ्या प्रत्येक गाडीसोबत एक पाठवतात. जुनी वाळत आली की थिनर घालतात, पण स्वतःसाठी नवी घेत नाहीत."

"मग स्वतः का येत नाहीत?"

"दोनदा आले. निघताना एस्टी स्टँडवर सगळ्यांसमोर रडले. लाजतात आता." तिने बाटली फळीवर ठेवली. "मी लावत नाही हो, भाऊ. पण सांगू नका त्यांना."

मला माझीच लाज वाटली. सकाळभर ज्याला शिव्या घातल्या, तो बाप आपल्या लेकीच्या दारी जाणारी गाडी वाटेत थांबू नये म्हणून तो पट्टा दोनदा बसवत होता. घाट गाडीने एका दमात काढला. सहाच्या आत मी धुळ्यात होतो, आणि बहीण साडी नेसून चौरंगावर बसली तेव्हा मी तिच्या शेजारी उभा होतो.

परत आल्यावर गॅरेजवर गेलो. मिस्त्री दुसऱ्याच गाडीत डोकं घालून होते. पट्टा उतरवून फडक्यावर ठेवलेला. गाडी कशी चालली, हळद कशी झाली, काही विचारलं नाही. मान वर न करता म्हणाले,

"हसनी का?"

"हसली. खूप हसली. बाटली आवडली तिला."

मिस्त्रींनी हात पुसले, उगाचच जास्त वेळ पुसले. डोळ्याला बाही लावली. मग रस्त्यापलीकडच्या टपरीकडे तोंड करून हाक दिली, "दोन चहा धाडजो रे!"

पट्टा अजून फडक्यावरच होता.