सोफ्यामागील डागावर केलेल्या स्वारीची साद्यंत हकीकत

राजमान्य राजश्री धाकटे काका यांचे सेवेसी विनंती विशेष. आपण फोनवरून मजकूर पाठविला की, 'हॉलच्या भिंतीला कसलासा डाग पडलाय, घराला रंगच काढून घ्यावा म्हणतो, तुम्हाला किती खर्च आला रे?' आणि खाली अंगठ्याचे चित्र जोडिले. ऐसियास, प्रश्न दिसण्यात लहान, परंतु त्याच्या पोटी एक वेढा, अनेक तह आणि एका आरामखुर्चीचे बलिदान आहे. सबब जे घडले ते पदरचा मीठमसाला न घालता, घातला तर जरुरीपुरताच घालून, लिहितो. वाचोन झाल्यावर फोनमधून पुसून टाकावे. थोरल्या आत्यासाहेबांच्या नजरेस पडल्यास, लिहिणारास आपण ओळखत नाही ऐसे सांगावे.

आधी आपले वडील बंधू, आमचे बाबा, यांचे वर्तमान. बाबांनी उमेदीचा अवघा काळ कंपनीच्या खुर्चीत काढिला आणि त्या खुर्चीचा डावा हात पहिल्या दिवसापासून मोडका होता, म्हणोन त्यांनी मनी धरिले की पुढे निवृत्त होताच स्वतःच्या मालकीची एक आरामखुर्ची घ्यावी. जिची पाठ मागे जाईल आणि पाय ठेवायची फळी आपोआप वर येईल आणि मानेस जाडजूड उशी असेल. ऐसी खुर्ची दुकानी हेरून ठेविली होती. बाबा अधूनमधून तेथे जाऊन तीत बसून येत, आणि मग दुकानातले लोक त्यांस पाणी आणून देऊ लागले, आणि मग एके दिवशी एका नव्या गिऱ्हाईकाने बाबांसच किंमत पुसली व बाबांनी ती करासकट बरोबर सांगितली. या कामी बँकेत अलाहिदा खाते उघडोन दरमहा रसद टाकिली जात असे, आणि घरात त्या खात्यास 'खुर्ची' ऐसेच नाव पडले होते.

आता गनिमाचे वर्तमान. आपल्या व बाबांच्या वडील भगिनी, थोरल्या आत्यासाहेब, यांची स्वारी घरी येत असे. मुक्काम दोन दिवसांचा, मागे ठेविलेले शेरे दोन महिने पुरत. त्यांची बैठक सोफ्याच्या उजव्या कोपऱ्यास ठरलेली. आणि केसांस भरपूर तेल चोपडल्याविना घराबाहेर न पडण्याचा त्यांचा नेम. आणि बसल्या की डोके मागे भिंतीस टेकवोन डोळे अर्धे मिटोन सर्वांची हजेरी घेत. मागील खेपेस निघतेवेळी त्या उठल्या, वळल्या, आणि आपण आत्ताच उठलो त्या जागेच्या बरोबर वर, ताटलीएवढा, गोल, तेलकट डाग पाहोन चष्मा सारखा करोन म्हणाल्या, 'अगं, हे काय? घर आहे का गॅरेज?'

आईसाहेबांचा चेहरा उतरला. डोके कोणाचे, हा प्रश्न ते समयी कोणासही पडला नाही, कारण आत्यासाहेबांच्या समक्ष प्रश्न पडण्याची चाल आपल्या घराण्यात नाही, हे आपण जाणताच.

मग त्यांची पाठ फिरताच चौकशी बसली. घरातील प्रत्येक इसमास सोफ्यावर बसवोन डोके डागास लावोन पाहिले. बाबांचे टक्कल डागाच्या वर गेले. कन्येचे, म्हणजे आमच्या धाकट्या बहिणीचे, खाली राहिले आणि वर ती रुसली. आईसाहेबांचे व आमचे बरोबर बसेना. येणेकरून ठराव जाहला की डाग आपोआप पडला असून भिंतीस ओल आहे. 'ओल तेलकट असते?' ऐसे कन्येने पुसले असता, तिने अभ्यासाकडे लक्ष द्यावे ऐसा हुकूम जाहला. कन्येचे शिक्षण दोन वर्षांमागे पूर्ण होऊन ती नोकरीस आहे. तरी तिने लक्ष दिले.

आणि आईसाहेबांनी फर्मान काढिले की, 'वन्सं पुढच्या खेपेला येतील तेव्हा भिंत अशी दिसली पाहिजे की त्यांना बोलायला विषय सापडता कामा नये.' आत्यासाहेबांस बोलावयास विषय न सापडणे, एवढी मोठी मोहीम आपल्या कुळात पूर्वी कोणी हाती घेतली नव्हती.

मग रंगकामाचे एक मातबर ठेकेदार बोलाविले. कसलीही अडचण सांगितली तरी 'होऊन जाईल' म्हणत, म्हणोन पुढे घरात तेच त्यांचे नाव पडले. होऊनजाईल सरदार आले, आणि भिंतीवर बोटाच्या पेराने टकटक करोन वैद्याप्रमाणे मान हलविली. बाबांनी साफ सांगितले की फक्त ही एक भिंत करावयाची.

सरदार हळहळले. 'एकच केली तर बाकीच्या तीन रडतील, साहेब.'

बाबांनी तीन भिंती दिल्या. तो हॉलमधून पॅसेज दिसतो ऐसे निघाले, आणि पॅसेजमधून बेडरूम दिसते ऐसे निघाले. 'बेडरूमचं दार लावून घेऊ,' ऐसा बाबांनी शेवटचा मोर्चा बांधिला, त्यावर आईसाहेबांनी 'बारा महिने?' इतकेच पुसले आणि मोर्चा ढासळला. अवघे घर काबीज जाहले. सरदारांनी कलमे घातली ती ऐसी की मजुरी वेगळी, रंग वेगळा, भिंतीचे खड्डे बुजवण्याची लांबी वेगळी, सामान हलवायचे वेगळे.

'मग एकत्र काय आहे?' बाबांनी पुसले.

'चहा, साहेब. तो सगळे एकत्रच घेतो.'

बयाणा 'खुर्ची'तून गेला. पाय ठेवायची फळी ते दिवशी कामी आली.

पुढे रंग निवडण्याची मसलत बसली. शेडकार्ड म्हणोन एक पंखा उलगडला, त्यात पांढराच रंग निरनिराळ्या नावांनी नांदत होता. कन्या म्हणे 'सकाळचे दूध' घ्यावे, आईसाहेब म्हणती 'दुपारची साय', आणि बाबांस दोन्ही दाखविले असता ते म्हणाले, 'हा तर आत्ता आहे तोच आहे.' या उद्गाराबद्दल बाबांस मसलतीतून काढोन चहा करावयास धाडिले. मग भिंतीवर नमुन्याचे पट्टे मारविले, आणि सकाळी पाहतात तो सर्व पट्टे वाळोन एकसारखे जाहले आणि कोणता कोणाचा हे खुद्द सरदारांसही सांगता येईना. तरी दोन्ही पक्षांनी डावीकडचा आपलाच म्हणोन जय घेतला आणि तह जाहला. यास बाबांनी पुढे या मोहिमेतील एकमेव स्वस्त प्रसंग म्हटले.

मग फौज शिरली. दोन गडी, एक शिडी, बादल्या आणि एक फोन, ज्यातून दिवसभर एकच विरहगीत वाजे. सोफा, टीव्ही, कपाट सर्व हॉलच्या मध्यभागी आणोन वर प्लास्टिक पांघरिले, आणि दरोबस्त कुटुंबकबिला स्वयंपाकघरात कोंडला गेला. फ्रिज पॅसेजात उभा, तो रात्रंदिवस पहारेकऱ्यासारखा गुरगुरे. बाबा ऑफिसच्या मीटिंगा वॉशिंग मशीनवर लॅपटॉप ठेवोन करीत, आणि मशीन चालू जाहले की साहेब लोकांस वाटे की बाबा रागाने थरथरत आहेत, आणि त्या आठवड्यात त्यांची प्रत्येक सूचना मंजूर जाहली. भिंती घासू लागताच ऐसी धूळ उडाली की बाबांच्या मिशा एका प्रहरात पिकल्या, भाजीवर पांढरा थर बसला, आणि आईसाहेबांनी तो मीठ समजोन पुढे मीठ घातले नाही.

ऐन वेढ्यात सरदार नाहीसे जाहले. दुसऱ्या कोणा दरबारची मोहीम त्यांनी घेतली होती. फोन केला तर म्हणत, 'निघालोच, साहेब. सिग्नलला आहे.'

'सकाळी पण सिग्नललाच होतात.'

'मोठा सिग्नल आहे, साहेब.'

तो सिग्नल सुटेतो दिवस गेले, आणि इकडे आत्यासाहेबांचा फोन आला की रविवारी निघते. मग बाबांनी स्वतः जाऊन सरदारांस दुसऱ्याच्या शिडीवरून उतरवोन आणिले. या कामी जी ज्यादा रक्कम कबूल करावी लागली, तीत खुर्चीचे दोन्ही हात गेले. बाबा इतकेच म्हणाले की मोडक्या हाताची त्यांस सवयच आहे.

परंतु खरे रण पुढेच माजले. भिंतीस पहिला हात दिला आणि डाग दिसेनासा जाहला, आणि घरात आनंदीआनंद होऊन गड्यांस चहाबरोबर बिस्किटेही दिली. आणि सकाळी पाहतात तो डाग हजर. दुसरा हात दिला. डाग दडला, आणि वाळताच पुन्हा वर येऊन उभा राहिला, पहिल्यापेक्षा गोल.

सरदार जवळ गेले, वास घेतला. 'तेल आहे, साहेब. तेल वर येतंच. आधी तेलावरचा वेगळा प्रायमर मारावा लागतो.'

'मग आधी का नाही मारला?'

'तुम्ही ओल म्हणालात.'

वेगळ्या प्रायमरास खुर्चीची पाठ लागली. आता काय उरले, तर मानेची उशी. आणि प्रायमरावर रंगाचे आणखी हात द्यावे लागतील ऐसे कळताच बाबा, जे संपूर्ण मोहिमेत शांत होते, स्वयंपाकघराच्या दारात उभे राहोन बोलिले, 'उशी तरी राहू दे गं. नुसती उशी घेईन. बिछान्यावर ठेवीन.'

आईसाहेबांसही वाईट वाटले. परंतु त्या म्हणाल्या, 'वन्संपुढे मान खालीच घालायची असेल, तर उशी कशाला हवी?'

उशी गेली. 'खुर्ची' खात्यात बँकेने ठेवू दिली तेवढी शिल्लक राहिली. बाबांनी दुकानात कळविले की वाट पाहू नये. दुकानातून उत्तर आले की, 'काका, बसायला कधीही या.'

परंतु डागाचा पाडाव जाहला! शेवटच्या हातानंतर रात्र उलटली आणि उजाडले आणि भिंत दुधासारखी, किंवा सायीसारखी, जैसा ज्याचा पक्ष, निर्मळ राहिली. फौजेने कूच केले, सोफा जागी लागला, आणि रविवारी दाराची बेल वाजली.

आत्यासाहेब आल्या. चपला काढिल्या. सर्व घर रांगेने उभे. त्यांनी हॉलभर नजर फिरविली, भिंत पाहिली, आणि फर्माविले, 'डाग गेला वाटतं. मी म्हटलंच होतं, ओल्या फडक्यानं नीट पुसलं की जातो.'

हे त्या कधीही म्हणाल्या नव्हत्या. परंतु प्रश्न कोणास पडला नाही. कारण वर लिहिलेच आहे.

मग त्या सोफ्याकडे चालत गेल्या, उजव्या कोपऱ्यास बसल्या, 'हुश्श' केले, आणि तेलाने चमचमणारे मस्तक हळूहळू मागे नेऊ लागल्या. ते क्षणी बाबांस सर्व उमगले. ओल उमगली, गॅरेज उमगले, फळी, हात, पाठ, उशी, सर्व एकामागून एक डोळ्यांपुढून गेले. तोंड उघडोन 'ताई, डोकं' ऐसे म्हणणे शक्य होते. परंतु जन्मात जे केले नाही ते या वयात कैसे करावे? आणि मस्तक भिंतीपासून चार बोटांवर आले. तेव्हा बाबांनी झेप घालोन सोफ्यावर बैठक मारिली आणि आपला उजवा पंजा भिंत व भगिनी यांचे मध्ये घातला.

'काय रे?' आत्यासाहेब दचकल्या.

'काही नाही. किती दिवसांनी आलीस, ताई.'

आत्यासाहेबांचे डोळे भरून आले. आयुष्यात प्रथमच त्यांस बोलावयास विषय सापडेना. मग म्हणाल्या, 'लहानपणी असाच चिकटून बसायचास. धाकट्याला नाही हो एवढी माया.' हे आपल्याविषयी होते, काका. जैसे घडले तैसे लिहितो.

आणि डोके त्यांनी बाबांच्या पंजावर निवांत टेकविले, आणि दोन दिवस जेव्हा जेव्हा बसल्या तेव्हा तेव्हा टेकविले. बाबांचा हात बधिर जाहला. चहा डाव्या हाताने प्याले. ऑफिसास कळविले की घरी एक जड जबाबदारी आहे.

निघण्याच्या आधी आत्यासाहेब मान चोळीत म्हणाल्या, 'तुझा हात ठीक आहे रे, पण हाडं टोचतात. डोकं टेकायला एखादी आरामखुर्ची का नाही घेत? मानेला उशी असते तसली. ती घरात असती तर मी कशाला भिंतीला टेकले असते?'

आईसाहेब भांडी आवरण्याच्या निमित्ताने आत गेल्या. भांड्यांचा आवाज आला नाही.

याप्रमाणे गनिमाची स्वारी बिनशेऱ्याची परत फिरली, भिंत अबाधित राहिली आणि मोहीम फत्ते जाहली, हे येथे नमूद केले असे. दार लागताच बाबा उठावयास गेले, तो दोन दिवसांच्या बैठकीने पायांस मुंग्या आलेल्या, तोल गेला, आणि त्यांनी आधारास उजवा हात भिंतीस टेकविला.

तेव्हा काका, आपण पुसले त्याचे उत्तर : एक आरामखुर्ची, उशीसकट. आत्यासाहेब गेल्या महिन्यात आपल्याकडे राहोन गेल्या हे आम्हांस ठाऊक आहे, आणि आपला डाग कोठे, केवढा व किती गोल, हे न पाहताही सांगता येईल. रंग काढू नये, आधी खुर्ची घ्यावी. होऊनजाईल सरदारांस फोन केला आहे. ते सिग्नलला आहेत.

या हकीकतीवर खाशांच्या, म्हणजे बाबांच्या, पाची तेलकट बोटांचे मोर्तब आमच्या हॉलमध्ये, सोफ्यामागे, उजव्या कोपऱ्यास उठले आहे. खातरजमा करणे जाहल्यास येऊन पाहावे. बसताना डावीकडे बसावे.