शेवटची कैची कुणी धरली?

"तुमची क्रेन तुमच्याकडेच ठेवा!" पायाच्या खड्ड्यात उभं राहून पोस्टमास्तर गरजले होते. "माझ्या घराचं छप्पर माझी माणसं चढवतील! आणि तुमचं बोट जरी त्याला लागलं ना, तर त्या घरात मी पाऊल ठेवणार नाही!"

हे ऐकवलं होतं ते सख्ख्या मेहुण्याला. बायकोचा थोरला भाऊ, क्रेनचा मालक. तो बिचारा एवढंच म्हणाला होता, "दाजी, छपराच्या कैच्या म्हणजे टपालाच्या थैल्या नव्हेत." झालं! मास्तरांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. बायकोनं कपाळावर हात मारला. अर्धा संसार भाड्याच्या दोन खोल्यांत काढून आता कुठं स्वतःचं घर उभं राहत होतं, आणि या माणसानं छप्पर चढायच्या आधीच शपथ घेऊन ठेवली!

ठरल्या रविवारी टपाल कचेरीतली झाडून सगळी माणसं हौसेनं हजर झाली. कैच्या म्हणजे लाकडाचे हे भले मोठे त्रिकोणी सांगाडे. ते दोरानं ओढून भिंतींवर एकामागे एक उभे करायचे, पट्ट्या ठोकून पक्के करायचे आणि मग वर पत्रे घालायचे. बायको पदर खोचून, हातोडी घेऊन परांचीवर चढली. मास्तरांनी सेनापतिपद स्वतःकडे घेतलं.

"ओढा! थांबा! डावीकडे! अहो, तुमची डावी नव्हे, माझी डावी!"

"मास्तर," तिकिटं विकणारा कारकून धापा टाकत म्हणाला, "तुम्ही गप्प बसलात की कैची झरझर वर जाते बघा."

मास्तरांना वाटलं, कौतुकच करतोय!

शेवटची कैची उभी राहिली तशी त्यांना राहवेना. त्यांनी कारकुनाच्या हातातून दोर हिसकावला. "ही मी सांभाळतो! तुम्ही सगळे जेवायला जा!"

पलीकडच्या बाजूला वर परांचीवर बायकोची ठोकाठोक चालली होती. ती थांबली. "अहो, ऐका तरी..."

"तू मधे बोलू नकोस! इथं जबाबदारीचं काम चाललंय!"

ती ओठ घट्ट मिटून खाली उतरली आणि सगळ्यांना घेऊन भाड्याच्या खोल्यांकडे निघून गेली.

आजूबाजूला सामसूम झाली, तेव्हा मास्तरांच्या डोक्यात प्रकाश पडला. आपल्याला सोडवणार कोण? दोर सुटला तर ही कैची पुढचीवर, पुढची तिच्या पुढचीवर, आणि सगळं घर भुईसपाट! तेवढ्यात नाकावर माशी बसली. त्यांनी तोंड वाकडं केलं, फुंकर मारली, शेवटी काकुळतीचा आवाज काढून विनवलं. माशी ढिम्म!

"काय दाजी, एकटेच?"

दारात मेहुणा!

"एकटा कशाला? छप्पर आहे की सोबतीला!"

"दोर का धरलाय?"

"हौस!"

"हात लावू का?"

"खबरदार!"

मेहुणा निवांत विटांच्या ढिगावर बसला. "बसतो मग इथंच. अडलंच काही, तर हाक मारा."

"जन्मात मारणार नाही!"

आणि वारा सुटला. वर लाकूड करकरलं. घामेजल्या तळव्यांतून दोर सर्रकन घसरला. मेहुण्यानं एका उडीत येऊन तो पकडला.

"सोडा!" मास्तर किंचाळले.

"तुम्ही सोडा!"

"माझी शपथ आहे!"

"शपथ गेली चुलीत! माझी बहीण राहणार आहे या छपराखाली!"

मास्तरांनी सरकून दोरावर थोडी जागा करून दिली. "धरलाच आहे तर नीट धरा," ते गुरगुरले.

दोघं खांद्याला खांदा लावून घाम गाळत उभे राहिले.

"आता मी अंगणात झोपणार," मास्तर म्हणाले. "शब्द म्हणजे शब्द!"

"पाऊस आला तर?"

"छत्री घेईन!"

जेवून मंडळी परतली, ती हे दृश्य बघून दारातच थबकली.

"हे काय चाललंय?" बायकोनं विचारलं.

"यांनी हात लावला!" मास्तर ओरडले. "संपलं सगळं! तू राहा या घरात, मी बाहेर..."

"अहो, पण कैची मी केव्हाच ठोकून पक्की केलीय! जेवायला जायच्या आधीच. तेच सांगत होते वरून. सोडा तो दोर!"

दोघांनी एकमेकांकडे पाहत एकेक बोट सैल केलं. दोर लोंबकळला. कैची जागची हलली नाही.

मास्तरांचा चेहरा हळूहळू उजळला. छाती पुढं आली.

"म्हणजे यांचा हात लागला तो रिकाम्या दोराला, छपराला नव्हेच! ऐकलंत सगळ्यांनी? शपथ शाबूत! छप्पर चढलं, आणि या क्रेनवाल्याचा त्यात काडीइतकाही उपयोग झाला नाही!"

"नाहीच झाला," बायको पुन्हा पदर खोचत म्हणाली. "पण तुमचा तरी कुठं झाला?"