आदी वाच, मग झोप

दानियल मास्तरांसमोर कुणी आपलं स्वप्न सांगायला लागलं की मास्तर चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसायला घ्यायचे. पुसून होईपर्यंत ऐकायचे. मग चष्मा नाकावर चढवून, बायबलाकडे बोट दाखवत एकच विचारायचे, "लिहिलंय कुठं? दाखव." सांगणारा बिचारा तोवर पांढऱ्या झग्यातल्या देवदूतापर्यंत पोचलेलाही नसायचा.

लातूर तेव्हा नुकता जिल्हा झाला होता. कचेऱ्यांच्या पाट्या बदलल्या, साहेब वाढले, साहेबांच्या जिपा वाढल्या. पाणी मात्र पूर्वी तालुक्याला पुरत नव्हतं तेवढंच राहिलं. नव्या कचेरीत कारकून म्हणून मी कंधारहून आलो आणि मास्तरांच्या घराची पुढची खोली भाड्याने घेतली. आमच्या घराने माझ्या जन्माआधीच धम्म स्वीकारलेला, त्यामुळे देव आणि देवदूत या दोन्ही खात्यांशी माझा पत्रव्यवहार नव्हता. पण मास्तरांच्या ओसरीवर दर बुधवारी ख्रिस्ती मंडळींची प्रार्थनासभा भरायची आणि माझं दार नेमकं त्याच ओसरीवर उघडायचं. म्हणजे मी न विचारता सभासद झालो होतो.

प्रार्थनेनंतर साक्षी सुरू व्हायच्या. साक्ष म्हणजे देवाने आपलं काय भलं केलं ते चारचौघांत सांगायचं. यात दवाखान्यात आयाचं काम करणाऱ्या रूथबाई आघाडीवर. त्यांना स्वप्नं रेशनसारखी पडायची, दर आठवड्याला ठरलेली. एकदा चिडून त्या म्हणाल्या, "तुमचं नावच दानियल. शास्त्रातला दानियल राजाच्या सपनाचा अर्थ सांगत होता, आन तुमाला कुनाचं सपान खपत न्हाई. शास्त्रातल्याच योसेफाला सपनं पडली न्हाईत का?"

"पडली की," मास्तर म्हणाले. "त्याच्यापाशी पुस्तक नव्हतं. तुझ्यापाशी हाय, चांगलं जाडजूड. आदी वाच, मग झोप."

त्या उन्हाळ्यात नांदेडहून एक पाहुणे उपदेशक आले. त्यांना चर्चच्या आवारात, लिंबाखाली, झरा वाहताना दिसला. डोळे मिटून दिसला, उघडल्यावर नाही. टँकरपुढे घागरींची रांग लावून कंटाळलेली मंडळी लगेच कुदळी घेऊन निघाली. मास्तर आडवे आले. "पानी दावनारा पानाड्या नारळ घिऊन आला तर हाकलता, आन टाय बांधून आला की हार घालता व्हय?" त्यांचं कुणी ऐकलं नाही. मंडळींनी पुरुषभर खोल खणलं, तेव्हा काळा पाषाण लागला. तुमचा विश्वास कमी पडला, असा निकाल देऊन पाहुण्यांनी संध्याकाळची एसटी गाठली. मास्तरांनी आपल्या वाट्याची घागर नेऊन खणणाऱ्यांना पाणी पाजलं आणि पाजताना प्रत्येकाला एकेक वचन सुनावलं. अशा माणसाचे आभार तरी कसे मानायचे? खणणारे मुकाट्याने पाणी प्याले आणि घरी गेले.

मास्तरांच्या बायकोला, मार्थाबाईंना, दमा होता. मी राहायला आलो त्याच हिवाळ्यात, हा उन्हाळा लागायच्या आधी, त्या गेल्या होत्या. शेवटच्या दिवसांत त्यांचा खोकला भिंतीतून ऐकू यायचा, आणि त्यावर मास्तरांचा शास्त्र वाचण्याचा आवाज. खोकला थांबेपर्यंत ते वाचत राहायचे. त्या गेल्यावर मास्तर रडले नाहीत. लोकांनी याचंही श्रेय पुस्तकालाच दिलं.

आणि या उन्हाळ्यात एका बुधवारी रूथबाई उभ्या राहून म्हणाल्या, "मार्था माझ्या सपनात आल्ती."

मास्तरांनी चष्मा पुसला, चढवला. "लिहिलंय कुठं?"

रूथबाई खाली बसल्या आणि पदराने डोळे टिपू लागल्या. मला मास्तरांचा भयंकर राग आला. पाषाणासाठी लिंबाखाली खणायचीच गरज नव्हती, इथे ओसरीवरच पुष्कळ होता, असं मी मनाशी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी टँकरच्या रांगेत मास्तर माझ्याजवळ सरकले. "साहेब, रूथला एक इचारून याल का? माझं नाव घिऊ नका."

"काय विचारू?"

मास्तर घागरीकडे बघत म्हणाले, "सपनात ती खोकत होती का."

मी गेलो. रूथबाई दारात तांदूळ निवडत होत्या. मी तोंड उघडायच्या आत म्हणाल्या, "त्यानं धाडलं न्हव?"

"नाही, मीच आलो. मार्थाबाई स्वप्नात खोकत होत्या का?"

"न्हाई म्हनावं त्याला," रूथबाई म्हणाल्या. "चढ चढत होती, कमरेवर भरली घागर. मलाच दम लागला तिच्यामागं."

मी रांगेत परतून निरोप पोचवला. मास्तरांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "असल्या सपनाला आधार न्हाई."

"मग विचारलंत कशाला?"

"तितं देवाघरी दुखनं राहनार न्हाई, आसं शास्त्रात हाय. मला पाठ हाय ते. मला तर ती एकदाबी दिसली न्हाई, साहेब. पुस्तक उघडलं की वचन मातर तितंच असतं, म्हनून त्यालाच धरून राहिलो." रांग पुढे सरकली, पण त्यांची घागर जागची हलली नाही. "पन ते समद्यांचं लिहिलंय. तिचं एकटीचं नाव न्हाई ना त्याच्यात."

मी माझी घागर ठेवली आणि त्यांची उचलून पुढे नेली.

पुढच्या बुधवारी रूथबाईंनी नवं स्वप्न काढलं. मार्थाबाई पुन्हा आल्या होत्या म्हणे, आणि या खेपेला हसत होत्या. मास्तरांनी चष्मा पुसायला घेतला. स्वप्न सांगून संपलं, रूथबाई खाली बसल्या, सगळे मास्तरांच्या तोंडाकडे बघत राहिले, तरी मास्तर चष्मा पुसतच होते.