सहभागी चार यांची प्रकृती

जे मोजता येतं तेच दुःख खरं, ही गोष्ट विज्ञानाने आता निर्विवाद सिद्ध केली आहे. पूर्वी लोक नुसते कण्हत. ते ऐकून शेजारीपाजारी धावत, सुंठ उगाळून देत, आणि माणूस बरा होई किंवा जाई. पण त्याला नेमकं किती दुखत होतं याची नोंद मागे राहत नसे. ज्ञानाचं केवढं नुकसान झालं असेल!

हे नुकसान भरून काढायला एक संशोधन प्रकल्प धामापूरच्या तळ्याखालच्या वाडीत आला आणि थेट बाबली धुरीच्या गोठ्यात शिरला. कायदा, प्राणी कल्याण, वैद्यक आणि जैवविद्युत अशी चार शास्त्रं त्यात एकत्र आली होती. एकटंदुकटं शास्त्र निधी मागायला गेलं तर त्याला दारातूनच परत पाठवतात. चौघं मिळून गेली तर निदान बसा म्हणावं लागतं. (मुलगी बघायला जातानाही माणसं घोळक्यानेच जातात, ती याचसाठी.)

कायद्याच्या बाजूने डॉ. नम्रता केळुसकर होत्या. मुक्या प्राण्याला कायद्याने 'व्यक्ती' मानावं, असा त्यांचा उशीएवढा जाड प्रबंध होता. वैद्यकाच्या बाजूने डॉ. सर्वेश होते. ते मूळचे माणसांच्या हृदयाचे डॉक्टर. पण माणसांवर संशोधन करायचं तर परवानग्या फार लागतात आणि माणसं नातेवाईक घेऊन येतात, म्हणून ते म्हशींकडे वळले होते. जैवविद्युत म्हणजे ओंकार नावाचा इंजिनियर. प्राणी कल्याणासाठी एक समिती होती. ती पुण्यात बसे आणि प्राण्यांच्या कल्याणासाठी प्राण्यांपासून लांब राही.

ओंकारने एक पट्टी तयार केली होती. विड्याच्या पानाएवढी, कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ. ती जनावराच्या मानेला चिकटवली की ठोके, श्वास, नसांतली वीज, सगळं टिपून त्याचा एक 'वेदनांक' काढी. वेदनांक वाढला की तळ्याकाठी सावलीत उभी असलेली प्रकल्पाची गाडी भोंगा वाजवत निघे. गाडीत डॉक्टर, ऑक्सिजन, हृदयाचा आलेख काढायचं यंत्र, इंजेक्शनं, आणि अख्खी म्हैस उचलू शकेल असा पाळणा.

बाबलीच्या म्हशीचं नाव चिमणी. (नाव ठेवलं तेव्हा ती लहान होती.) प्रकल्पात तिला 'सहभागी चार' म्हणायचं ठरलं. 'मालक' हा शब्द गुलामगिरीची आठवण करून देतो म्हणून बाबलीला 'मानवी सहचर' करण्यात आलं. बाबलीची बायको सुभद्रा हिच्यासाठी प्रकल्पात शब्द नव्हता. शेण ती काढी, धार ती काढी, चारा ती घाली. पण तसा रकाना नव्हता.

पट्टी लावण्यापूर्वी सहभागीची संमती आवश्यक होती. नम्रता मॅडमनी चिमणीपुढे उभं राहून संमतीपत्र स्वच्छ मराठीत वाचून दाखवलं. चिमणी गप्प.

"मौन म्हणजे संमती नव्हे," मॅडम म्हणाल्या. "सहभागीला समजेल अशा भाषेत सांगायला हवं."

"तिका मालवणी कळता," बाबली म्हणाला, "पण ऐकणा नाय."

मग संमतीपत्राचं मालवणी भाषांतर सावंतवाडीहून करून आणलं. ते वाचत असताना चिमणीने मान पुढे केली आणि पत्र खाल्लं. यावर समितीची बैठक झाली. एका सदस्याच्या मते हा तीव्र नकार होता. उरलेल्यांनी 'सहभागीने दस्तऐवज पूर्णपणे आत्मसात केला' असा निष्कर्ष काढला, आणि पट्टी लागली.

चिमणीचे दिवस पालटले. गोठ्यात पंखा आला, खाली रबरी गादी आली, डासांना जाळी आली. एकदा तिने शेजारच्या हौसाबाईच्या कुळथावर ताव मारला आणि तिचं पोट नगाऱ्यासारखं फुगलं, तर हौसाबाईच्या शिव्या संपायच्या आत गाडी दारात हजर. बाबली बघतच राहिला. त्याने हौसेने म्हशीला हाक मारली, "तुझो मुडदो बशिवलो तो! भाग्यवान गो तू!" त्यातल्या पूर्वार्धाबद्दल त्याला समज देण्यात आली. शाब्दिक हिंसेने वेदनांक वाढतो, म्हणून यापुढे सहभागीशी आदराने बोलावं, दोन कामांमध्ये विसावा द्यावा, आणि वेळोवेळी पाणी विचारावं.

सुभद्राच्या छातीत दुखायला लागलं ते याच सुमारास. मे महिना, रातांबे उतरवलेले, कोकमाची सोलं सुकवायची घाई. ऊन डोक्यावर घेऊन ती अंगणात बसे आणि मध्येच छातीवर हात ठेवी.

"अवो, हय कसासाच होता," ती म्हणाली.

"गॅस आसतलो. ओवो खा," बाबली म्हणाला. त्यात वाईट हेतू काही नव्हता. त्याच्या आईला, आजीला, सगळ्यांना गॅसच झाला होता. (आजी गॅसनेच गेली.)

ती सरकारी दवाखान्यातही जाऊन आली. तिथली डॉक्टरची जागा रिकामी होती; भरण्याची प्रक्रिया चालू होती, आणि ती इतकी वर्षं नेटाने चालू राहिली होती की तिलाच आता पेन्शन लागू व्हावी. जी नर्स होती तिने विचारलं, "किती दुखतं?" सुभद्रा म्हणाली, "दुखता." इतक्या ढोबळ उत्तरावर विज्ञान काय करणार? गोळ्या घेऊन ती घरी आली आणि गोठ्यात जाऊन बसली, कारण पंखा तिथे होता.

तिथेच ती एका दुपारी कोसळली.

बाबली आत आला तेव्हा ती रबरी गादीवर आडवी होती. तोंड राखेसारखं, अंग घामाने थबथबलेलं. "हातातसून कळ जाता," एवढं म्हणाली आणि डोळे मिटले. बाबलीने रुग्णवाहिकेला फोन लावला. पलीकडचा माणूस अतिशय नम्र होता. गाडी दुसरा पेशंट घेऊन गोव्याच्या वाटेवर होती, सीमेजवळचं इन्सुली ओलांडलं होतं; तिकडून मोकळी झाली की लगेच इकडे पाठवतो, तोवर पेशंटला धीर द्या.

धीर कसा देतात हे बाबलीला ठाऊक नव्हतं. चाळीसेक वर्षांच्या संसारात बायकोला धीर द्यायची वेळ कधी आली नव्हती. तो नेहमी तिनेच दिला होता. त्याने इकडेतिकडे पाहिलं. चिमणी शांतपणे रवंथ करत उभी होती आणि तिच्या मानेवर ती पट्टी होती.

पुढचं त्याने विचार करून केलं नाही. पट्टी खर्रकन ओढून काढली आणि सुभद्राच्या मानेला, घाम पदराने पुसून, दाबून चिकटवली.

तळ्याकाठी भोंगा वाजला.

गाडी अंगणात शिरली, नम्रता मॅडम आणि ओंकार यांच्यासह डॉ. सर्वेश पाळणा घेऊन उतरले आणि गोठ्याच्या दारात थबकले. सुभद्राकडे एक नजर टाकताच डॉक्टरांना कळलं काय आहे ते. त्यांचा हात बॅगेकडे गेला आणि थांबला. प्रकल्पाचं औषध सहभागीखेरीज कोणालाही दिल्यास संपूर्ण निधी परत करावा लागेल, असा नियम होता. (नियम चांगला होता. मागच्या प्रकल्पात कोणीतरी स्वतःची सर्दी बरी करून घेतली होती.)

"डॉक्टरांनू, बघतास काय?" बाबली ओरडला.

"हा... प्रकल्प म्हशींसाठी आहे, काका."

"मगे म्हस म्हणा तिका! रेडी म्हणा, काय व्हया ता म्हणा, पण आधी उचला!"

डॉक्टरांनी नम्रता मॅडमकडे पाहिलं. मॅडमचा चेहरा पांढरा पडला होता. पण कायद्याचा माणूस संकटात देवाकडे जात नाही, व्याख्येकडे जातो. त्यांनी मोबाइलवर नियमावली उघडली आणि वाचली, "सहभागी म्हणजे, ज्याच्या अंगावर कार्यरत पट्टी आहे असा कोणताही प्राणी." मग त्यांनी विचारलं, "माणूस प्राणी आहे का?"

"शाळेत तसं शिकवलं होतं," ओंकार म्हणाला.

"मग त्या सहभागी चार आहेत. घ्या त्यांना."

त्यानंतर मात्र कोणी थांबलं नाही. गोळी चावायला दिली, ऑक्सिजन लावला, आलेख काढला, इंजेक्शन दिलं. म्हशीच्या पाळण्यात ती एवढीशी बाई अलगद उचलली गेली आणि गाडी एका मोठ्या खाजगी इस्पितळाकडे सुटली. बाबली तिच्या पायांपाशी बसला होता. सबंध वाटेत त्याने तिचा अंगठा सोडला नाही. सहचराने काय करावं हे नियमावलीत होतं. नवऱ्याने काय करावं हे तिथे नसल्यामुळे त्याला दुसरं काही सुचलं नाही.

सुभद्रा वाचली. हृदयाच्या नळीत जाळी बसली. इस्पितळाच्या कागदावर नाव 'चिमणी', जात 'म्हैस' (म्हणजे प्राण्याची, दुसरी जात पुढच्या रकान्यात विचारलीच होती), आणि घरी सोडताना 'आठवडाभर धार काढू नये, तलावात डुंबू नये' असा सल्ला. सुभद्राने तो दोन्ही बाजूंनी पाळला.

खरी अडचण पुढे आली. सहभागीला अभ्यासातून मुक्त करायचं तर त्याची स्वतःची इच्छा हवी, आणि सहभागी बोलून इच्छा सांगेल अशी सोय नियमावलीत नव्हती. त्यामुळे अभ्यास संपेपर्यंत सुभद्रा सहभागी चारच राहिली. रोज ओंकार येऊन बघून जाई: बाईंना दोन कामांमध्ये विसावा मिळाला का, पाणी विचारलं का, कोणी वेडंवाकडं बोललं का. सुभद्रा रबरी गादीवर पंख्याखाली पाय पसरून बसलेली असे.

"कंटाळलात का, काकी?" एकदा त्याने विचारलं.

"नाय रे झिला. बरां आसा. लगीन होवन इलंय तेवापासून पयल्यांदाच कोणतरी माका इचारता, पाणी पिलंस काय म्हणान."

ती हे हसत म्हणाली. बाबली दाराबाहेर कोयतीला धार लावत होता. त्याचा हात थांबला. थोड्या वेळाने तो पाण्याचा तांब्या घेऊन आत आला आणि तिच्यापुढे ठेवून गेला.

वाडीत बातमी पसरायला वेळ लागला नाही. ग्रामसभेत ठराव आला: गावातल्या साठीपुढच्या सर्व स्त्रीपुरुषांची नोंद दुभती जनावरं म्हणून व्हावी. काही म्हाताऱ्यांनी 'दुभती' या शब्दाला हरकत घेतली. त्यांना भाकड प्रवर्गातून सामावून घेण्याचं आश्वासन मिळालं. ठराव एकमताने मंजूर झाला आणि योग्य त्या कार्यालयात जाऊन पडला. तो तिथे सुखरूप आहे.

मग पुण्याची समिती आली. प्राण्यांपासून लांब राहण्याचा नेम तिने पहिल्यांदाच मोडला, कारण प्रकरण गंभीर होतं: मानवी सहचराने सहभागीच्या अंगावरची पट्टी तिच्या संमतीविना काढली होती. बाबलीला शाळेच्या व्हरांड्यात समितीपुढे उभं केलं. तो धुतलेला सदरा घालून आला होता आणि कार्यालयात बोलायची मराठी आठवून आठवून बोलत होता.

"पट्टी तुम्ही काढलीत?"

"होय, साहेब. काढली."

"चिमणीला विचारलंत?"

"नाही."

"पुन्हा असा प्रसंग आला तर?"

बाबलीची कार्यालयीन मराठी इथे संपली. "तुमची पट्टी आसली तर परत काढीन," तो म्हणाला. "नसली तर काय करू, ता तुमीच सांगा."

समितीने 'उत्तर असंबद्ध' अशी नोंद केली आणि सहचराला ताकीद देऊन प्रकरण मिटवलं. नम्रता मॅडम तेवढ्या खाली मान घालून बसल्या होत्या. त्यांनी नोंदीवर सही केली नाही. तशी गरजही नव्हती; बहुमत होतं.

यथाकाल अभ्यास संपला. पंखा आणि गादी प्रकल्पाची मालमत्ता असल्यामुळे परत गेली, गाडी दुसऱ्या जिल्ह्यातल्या शेळ्यांकडे गेली. शोधनिबंध नावाजला गेला. 'वेळीच उपचार मिळाल्यास म्हशीच्या आयुर्मानात वाढ संभवते. एका सहभागीने तर उपचारानंतर घरकामात रुची दाखवली', हा त्यातला निष्कर्ष जगभर वाखाणला गेला. दवाखान्यातली जागा भरण्याची प्रक्रिया चालू आहे. सुभद्राच्या गोळ्या आणायला बाबली दर महिन्याला कुडाळला जातो. तिचं दुखणं पुन्हा ढोबळ झालं आहे.

प्रकाराची बातमी छापून आली, तेव्हा मुंबईपुण्याहून प्रकल्पाकडे विचारणांचा पाऊस पडला. जवळजवळ सर्वांचा प्रश्न एकच होता: पट्टी ओढून काढताना म्हशीला दुखलं का? प्रकल्पाने कळवलं की, वेदना मोजणारी पट्टी त्या क्षणी म्हशीच्या अंगावर नसल्यामुळे सांगता येत नाही.

ही हकीकत वाचताना ज्यांच्या मनात हाच प्रश्न येऊन गेला, त्यांच्या माहितीसाठी: चिमणी उत्तम आहे. ज्यांच्या मनात तो आला नाही आणि जे सुभद्राबाईंसाठी मनापासून हळहळले, त्यांनाही विज्ञान विसरलेलं नाही. ती हळहळसुद्धा आता मोजून झाली आहे. साधारण पान उलटेपर्यंत टिकते.