तायडेबाबूंचा घरातला भाव

नवा रेडिओ घेतल्याच्या आनंदात पोस्टात शिरलेला माणूस चेहरा पाडून बाहेर आला, की समजावं, लायसनच्या खिडकीवर आज आमचे तायडेबाबू आहेत. रेडिओचं लायसन पोस्टातच काढावं लागे. तायडेबाबू शिक्का हातात धरून विचारत, “केवढ्याले पडला?” गिऱ्हाईक किंमत सांगे. “तो दुकानातला भाव झाला. घरातला सांगा!”

घरातला भाव म्हणजे रद्दी फॉर्मच्या पाठीवर तीन रकाने. विजेच्या सेटखाली एरियलचा बांबू, वायरमनची मजुरी आणि बातम्या ऐकायला येणाऱ्या शेजाऱ्यांचा चहा. बॅटरीचा सेट म्हणजे “म्हैस हाय बाप्पा, सरकीची ढेप घालतच राहा लागते.” ट्रान्झिस्टर त्यातल्या त्यात परवडे, पण त्याच्यापुढे ते ‘जावई’ असं लिहून ठेवत. “जावयाले उचलून नेता येते न! मंग आपला कुठी राह्यला?”

अकोल्याच्या जठारपेठेत आम्ही शेजारी. मी रेडिओ घ्यायचं मनावर घेतलं, तेव्हा भाव पाहायला ते मला बसने थेट अमरावतीला घेऊन गेले. तिथला सेट अकोल्यापेक्षा स्वस्त निघाला. मी पाकीट काढलं. तेवढ्यात त्यांनी दोघांचं जायचं-यायचं भाडं त्या सेटच्या किमतीत मिळवलं, सेट महाग ठरवला आणि मला रिकाम्या हाताने परत आणलं. सेट घेतला काय न घेतला काय, भाडं गेलंच होतं, हे मला घरी आल्यावर बायकोने सांगितलं.

तरी पुढे मी घेतलेला धरून गल्लीतला एकूण एक सेट त्यांनीच निवडलेला. त्यांच्या स्वतःच्या घरात मात्र रेडिओ नव्हता. दर दिवाळीला ते हिशेब मांडत, शेवटी ‘कुसुमचं कॉलेज’ असं लिहीत आणि कागद घडी करून ठेवून देत. त्यांची ही लेक अमरावतीला शिकत होती. वक्तृत्वात ती पहिली आली आणि नागपूरच्या रेडिओवर दहा मिनिटं बोलायचं तिला बोलावणं आलं. तायडेबाबूंनी ही बातमी खिडकीतून अर्ध्या अकोल्याला सांगितली.

“आता तरी घ्या!” तायडेवहिनी रोज कावत. “घेतो न. पाहूनच राहिलो!” असं म्हणता म्हणता तो दिवस उजाडला. शेवटी दोघं माझ्याकडे ऐकायला आले.

निवेदकाने कुसुमचं नाव घेतलं. वहिनींनी पदर तोंडाशी धरला. आणि तायडेबाबू उठले!

“आता कुठी चालले?” वहिनी म्हणाल्या.

“कोणत्या सेटवर कशी ऐकू येते, पाहून येतो.”

मला संताप आला. लेक बोलतेय आणि ह्या माणसाला सेट सुचतायत! तावातावाने मी त्यांच्या मागे गेलो. गल्लीतल्या घराघरातून कुसुम बोलत होती, आणि ते एकेका दाराशी थांबत पुढे चालले होते. देशमुखांच्या अंगणात ते उभे राहिले. देशमुखांना सेट निवडून देताना ते चार वेळा इथे आले होते. चारही वेळा बोलणं अंगणातच झालं होतं. तायडेबाबूंना आत कोणी बोलावलं नव्हतं, आणि त्याचं कारण त्यांची जात, हे गल्लीला ठाऊक होतं.

आज म्हातारे देशमुख स्वतः दारात आले. “तायडेबाबू, पोरीनं नाव काढलं हो! या न आत. बाहेर काहून उभे?”

“राहू द्या, देशमुखसाहेब,” तायडेबाबू ताठ उभे होते आणि डोळे वाहत होते. “माही पोरगी आत बोलून राहिली. मले तेवढं बस हाय.”

माझा राग कुठल्या कुठे गेला; त्याची लाजच वाटली. देशमुखांनी मलाही हात केला. मी गेलो नाही. कुसुमचं बोलणं संपेपर्यंत मी तायडेबाबूंजवळ अंगणातच उभा राहिलो.